डिजिटल चित्र स्वतः काढले आहे, हे दाखवायचे कसे?

तुमचा प्रश्न मी असा समजते. तुम्ही तीन आठवडे खपून एका पुस्तकाचे मुखपृष्ठ काढले. प्रकाशकाने ते एआय ओळखणाऱ्या एका सेवेत टाकून पाहिले, तिने ‘८७ टक्के कृत्रिम’ असा शेरा दिला आणि तुमचे मानधन थांबले. काम संपले की सगळे लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक रचलेले वेगवेगळे थर, एकत्र करून टाकायची तुम्हाला सवय आहे, त्यामुळे आता हाती एक सपाट फाइल, कागदावरची दोन रेखाटने आणि प्रकाशकाशी झालेला पत्रव्यवहार एवढेच उरले आहे. हे चित्र माझेच आहे, हे सिद्ध कसे करू, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली अनेक वर्षे पुस्तकांसाठी डिजिटल चित्रे काढते आणि अलीकडे चित्रस्पर्धांच्या छाननीतही बसते, म्हणून दोन्ही बाजूंनी जे पाहिले आहे ते सांगते.

पुढचे वाचण्याआधी एक काम करा. चित्राशी संबंधित ज्या ज्या फाइल सापडतील त्यांची आहे तशी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि मूळ फाइल उघडून पुन्हा जतन करू नका. जतन केल्याबरोबर फाइलवरची तारीख बदलते आणि आतल्या काही नोंदीही बदलू शकतात. दुसरे म्हणजे, पुरावा कमी वाटतो म्हणून आता बसून नवे लेयर किंवा ‘सुरुवातीचे’ रेखाटन तयार करू नका. संशय आल्यावर घाबरून असे करणारे प्रामाणिक चित्रकार मी पाहिले आहेत. ती बनावट उघडी पडली की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आता मूळ अडचणीकडे येऊ. चित्राकडे नुसते पाहून ते कोणी काढले हे ठरवता येईल, असे प्रकाशक गृहीत धरतो आहे आणि तुम्हीही काही अंशी तेच धरून चालला आहात. तैलचित्राच्या बाबतीत त्या गृहीतकाला थोडा तरी आधार असतो. वरच्या रंगाखाली दडलेले रेखाटन अवरक्त किरणांनी दिसते, चित्रकाराने मध्येच हलवलेला हात किंवा बदललेली मान क्ष-किरणांत सापडते, कारण जुना रंग तिथेच खाली राहिलेला असतो. सपाट केलेल्या डिजिटल फाइलमध्ये मात्र प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे उरतात. त्या बिंदूवर आधी काय होते, ते किती वेळा खोडले, याचा काहीही मागमूस तिथे राहत नाही. म्हणून पुरावा चित्रात शोधायचा नसतो. चित्र घडत असताना जे मागे पडले त्यात, आणि तुमच्या हातात व डोक्यात जे अजून शिल्लक आहे त्यात तो शोधायचा असतो.

त्या ८७ टक्क्यांविषयी आधी बोलू, कारण सगळा वाद तिथून सुरू झाला आहे. अशी सेवा एआयने केलेल्या आणि माणसांनी काढलेल्या पुष्कळ चित्रांवर शिकवलेली असते आणि नवे चित्र कोणत्या गटाशी अधिक मिळतेजुळते आहे, एवढेच ती सांगते. ‘हे चित्र एआयने केले असण्याची शक्यता शंभरात सत्त्याऐंशी’ असा त्या आकड्याचा अर्थ होत नाही. अगदी गुळगुळीत छटा, चित्राचा आकार लहान केल्याने किंवा दाबून जतन केल्याने झालेले बदल, वर मारलेला कृत्रिम कणीदारपणा अशा गोष्टींनीही हा आकडा वरखाली होतो. तुमच्याकडे तीच फाइल पूर्ण आकारात असेल तर ती दोन-तीन वेगवेगळ्या सेवांत टाकून पाहा. निकाल एकमेकांशी जुळले नाहीत तर तो फरक प्रकाशकाला दाखवता येईल. मात्र तुमच्या बाजूचा निकाल मिळाला तरी त्यावर सगळा भर देऊ नका, कारण मग उद्या तेच हत्यार तुमच्यावर उलटेल.

यातला हिशेबही प्रकाशकासमोर मांडण्यासारखा आहे. समजा, एक हजार चित्रे तपासली, त्यांतली नऊशे माणसांनी काढलेली आहेत आणि शंभर एआयची. सेवा एआयची चित्रे शंभरातली नव्वद पकडते आणि माणसांच्या चित्रांबाबत फक्त पाच टक्के वेळा चुकते, असे धरू. हे ऐकायला उत्तम वाटते. पण नऊशेचे पाच टक्के म्हणजे पंचेचाळीस. ठपका बसलेल्या एकशे पस्तीस चित्रांपैकी पंचेचाळीस, म्हणजे दर तीनांत एक, निर्दोष चित्रकाराचे निघते. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण प्रामाणिक कामे जास्त आणि लबाड कामे कमी असतील तिथे गणित असेच वागते. मजकूर ओळखण्याच्या बाबतीत ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये अशी एक सेवा सुरू केली होती आणि अचूकता कमी असल्याचे कारण देऊन त्याच वर्षी जुलैमध्ये ती बंद केली. स्वतः अशी यंत्रणा घडवणाऱ्या संस्थेला जिथे खात्री देता आली नाही, तिथे एका आकड्यावरून कोणाचे मानधन अडवणे मला अन्याय्य वाटते.

तरीही प्रकाशकाला नेमकी भीती कशाची आहे, हे विचारून घ्या, कारण कोणता पुरावा पुरेल ते त्यावर अवलंबून आहे. काहींना वाचकांच्या रोषाची भीती असते, काहींच्या करारातच एआय न वापरण्याची अट असते, तर काहींना मालकीहक्काची काळजी असते. ही शेवटची काळजी निराधार नाही. बर्न करार या आंतरराष्ट्रीय करारानुसार लेखकाधिकार (कॉपीराइट) नोंदणीशिवायच, कृती निर्माण होताच मिळतो, पण ती कृती माणसाची असावी असे अनेक ठिकाणी मानले जाते. अमेरिकेत यंत्राने स्वतंत्रपणे केलेल्या चित्राला संरक्षण नाकारणारा निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये लागला आणि मार्च २०२५ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. नुसत्या सूचना लिहून मिळवलेल्या चित्राला संरक्षण मिळत नाही, असे तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटले. नियम देशागणिक बदलतात. पण प्रकाशकाची चिंता अशी असेल तर त्याला तुमच्या कलेची परीक्षा घ्यायची नसते, नंतर कोणी आक्षेप घेतला तर दाखवायला त्याला काहीतरी लेखी हवे असते. अशा वेळी तुमचे सहीनिशी निवेदन आणि त्यासोबत थोडा पुरावा एवढ्यावर प्रश्न सुटल्याचे मी पाहिले आहे.

आता पुरावा कसा वाचला जातो ते सांगते, कारण ते कळले की आपल्याकडे काय आहे हे अधिक नीट दिसते. छाननीच्या वेळी लेयरची फाइल आली की मी लेयर किती आहेत ते मोजत नाही. आता एका सपाट चित्राचे तुकडे करून त्याचे चाळीस लेयर बनवता येतात. मी पाहते ते वरच्या लेयरखाली काय आहे. हाताने रंगवणारा चित्रकार पार्श्वभूमी आकृतीच्या कडेपाशी थांबवत नाही. भिंत रंगवताना ब्रश माणसाच्या खांद्याखाली सरकलेला असतो, झाडाची फांदी डोक्यामागून बेफिकीरपणे पलीकडे गेलेली असते, आणि आकृतीचा लेयर बंद केला की खाली अर्धवट, ओबडधोबड, पण विचार करून टाकलेला रंग सापडतो. कापून केलेल्या लेयरखाली एकतर आकृतीच्याच आकाराचे भोक असते, नाहीतर यंत्राने भरलेली गुळगुळीत, निरर्थक जागा असते. एका स्पर्धेत एक अतिशय नीटनेटकी फाइल आली होती. प्रत्येक लेयरला नाव होते, गट केलेले होते. मुलीचा हात असलेला लेयर बंद केला तर तिच्या फ्रॉकवर हाताच्या आकाराची पांढरी जागा निघाली. फ्रॉक रंगवणाऱ्याला हात नंतर तिथे येणार आहे हे इतके काटेकोर कसे माहीत असेल?

रेखाटनाचेही तसेच आहे. खरे कच्चे रेखाटन अंतिम चित्राशी पूर्ण जुळत नाही. नाक थोडे वर असते, खुर्ची दुसऱ्या बाजूला असते, एखादी व्यक्ती नंतर काढून टाकलेली असते. तयार चित्रावरून मागाहून गिरवलेले रेखाटन मात्र प्रत्येक कडेशी तंतोतंत बसते, आणि तेच त्याचे वैगुण्य ठरते. म्हणून तुमच्या कागदावरच्या दोन रेखाटनांची लाज वाटू देऊ नका. ती अंतिम चित्रापेक्षा जितकी वेगळी असतील आणि त्या फरकाचे कारण तुम्ही जितके स्पष्ट सांगू शकाल, तितकी ती मोलाची आहेत. ‘शीर्षकाला जागा हवी होती म्हणून मी क्षितिज खाली आणले, आणि तसे केल्यावर मुलाची नजर वर वळवावी लागली’, असे वाक्य ज्याने ते चित्र काढले त्यालाच सुचते.

इथे मला एक चूक कबूल केली पाहिजे. एकदा सपाट फाइल, अतिशय तकतकीत रंग आणि पार्श्वभूमीत वितळल्यासारखी दिसणारी खिडकी पाहून मी एका चित्रावर संशयाचा शेरा लिहिला. समितीतल्या दुसऱ्या सदस्याने आग्रह धरला म्हणून आम्ही त्या चित्रकार मुलीशी बोललो. खिडकी तशी का, हे विचारल्यावर तिने तीच खिडकी असलेली तिची आधीची चार चित्रे दाखवली. काचेवरचे ओघळ काढण्याची तिची ती जुनी पद्धत होती. ज्या गोष्टीला मी यंत्राची खूण समजले, ती तिची सही होती. तेव्हापासून बोटे किती, डोळे सारखे आहेत का, असल्या खुणांवरून मी मत देत नाही. त्या खुणा आता यंत्रांच्या नव्या चित्रांत कमी होत चालल्या आहेत आणि घाईत काढणाऱ्या माणसाच्या चित्रांत नेहमीच सापडत आल्या आहेत. तुमच्यासाठी यातून कामाची गोष्ट अशी की आधीची कामे, विशेषतः २०२२ पूर्वीची, पुराव्यात जरूर जोडा. सूचना लिहून चित्रे बनवणारी साधने त्याच वर्षी सर्वसामान्यांच्या हाती आली. तुमची रेषा आणि रंग त्याआधीपासून असेच असतील, तर ते बोलके असते.

टाइमलॅप्स, म्हणजे चित्र घडतानाचे वेगाने दाखवलेले चित्रीकरण, याविषयी लोकांचा समज असा की चित्रीकरण असले म्हणजे वाद मिटला. पूर्वी तसे म्हणता आले असते. जुलै २०२४ मध्ये ‘पेंट्स-अनडू’ नावाचे साधन आले, ते एका तयार चित्रावरून ते ‘घडत असल्याचा’ व्हिडिओ बनवते. त्यामुळे वेगळा व्हिडिओ एकटा पुरत नाही, पण मूळ फाइलच्या आत साठलेले चित्रीकरण अजूनही भक्कम मानावे असे माझे मत आहे. ते पाहताना मी चित्र उमटण्याकडे फारसे लक्ष देत नाही, चुकांकडे देते. हात तीन वेळा खोडला का, संपूर्ण चित्र आरशासारखे उलटवून तपासले का, वीस मिनिटे एका कानावर घालवून शेवटी तो केसांखाली झाकला का? बनावट व्हिडिओतले चित्र शहाण्या विद्यार्थ्यासारखे सरळ पुढे जाते. खरे चित्र मागे येते, रुसते, पुन्हा सुरू होते.

तुम्ही कोणता प्रोग्राम वापरता ते लिहिलेले नाही, आणि यात मोठा फरक पडतो. प्रोक्रिएट असेल तर आशा आहे. टाइमलॅप्सची सोय बंद केलेली नसेल तर तो ते आपोआप नोंदवतो, आणि लेयर एकत्र केले तरी मूळ प्रोक्रिएट फाइलमधला तो व्हिडिओ जात नाही. टॅब्लेटवर ती फाइल अजून असेल तर आजच पाहा. क्लिप स्टुडिओ पेंट आणि क्रिटा यांच्यात नोंदणीची सोय आहे, पण ती स्वतः सुरू करावी लागते. फोटोशॉपची हिस्टरी, म्हणजे केलेल्या पायऱ्यांची यादी, फाइल बंद करताच नाहीशी होते, मात्र पीएसडी या फोटोशॉपच्या फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत साठणाऱ्या माहितीत, ती फाइल केव्हा तयार झाली आणि केव्हा केव्हा जतन झाली याच्या नोंदी बहुधा राहतात. तीन आठवड्यांत विखुरलेल्या अशा वीस-पंचवीस नोंदी हा लहान पुरावा नाही. याशिवाय क्लाउडवर फाइल ठेवत असाल तर तिथल्या जुन्या आवृत्त्या, संगणकाचे स्वयंचलित बॅकअप, मित्राला ‘हा रंग बरा दिसतो का’ म्हणून पाठवलेले अर्धवट चित्राचे छायाचित्र, या सगळ्यांचा शोध घ्या. आपण विसरलेलो असतो, पण अर्धवट काम कोणाला ना कोणाला दाखवलेले असतेच.

तारखांबाबत एक भेद ध्यानात ठेवा. तुमच्या संगणकावरची तारीख बदलता येते, म्हणून ती एकटी दुबळी असते. दुसऱ्याच्या ताब्यातली तारीख बळकट असते. प्रकाशकाला मध्यंतरी पाठवलेला मसुदा, त्यावर त्याने सुचवलेले बदल आणि त्याप्रमाणे बदललेला पुढचा मसुदा, ही साखळी तुमच्याकडे असेल तर माझ्या मते हा तुमचा सर्वांत चांगला पुरावा आहे, आणि तो प्रकाशकाच्या स्वतःच्या टपालपेटीत पडलेला आहे. पुढच्या कामांसाठी फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून निघणारा ठसा, काढून त्यावर कालमुद्रा (तारीख-वेळेचा शिक्का) घेण्याचीही सोय आहे. एसएचए-२५६ पद्धतीने फाइलचा चौसष्ट चिन्हांचा ठसा निघतो, आणि फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी तो सगळा बदलतो. पण ही फाइल अमुक दिवशी अस्तित्वात होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. ती कोणी काढली हे नाही. कच्च्या अवस्थेतल्या फाइलींवर एकामागून एक कालमुद्रा घेतल्या तरच त्याला अर्थ येतो. अॅडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट आदींनी २०२१ मध्ये उभारलेल्या सीटूपीए या मानकानुसार फाइलला डिजिटल स्वाक्षरीसह कामाची नोंद जोडता येते, तीही पुढच्या कामांसाठी सुरू करून ठेवा. मात्र ती नोंद चित्र कुठे चढवताना गळून पडू शकते, आणि ती नसणे हा कोणाविरुद्ध पुरावा ठरत नाही.

हे सगळे जमले नाही तरी एक मार्ग उरतो, आणि मी त्याला सर्वांत वर ठेवते: समोर बसून काढून दाखवणे. १९५० आणि १९६० च्या दशकांत मोठ्या डोळ्यांच्या मुलांची चित्रे वॉल्टर कीन यांच्या नावावर खपत होती, प्रत्यक्षात ती त्यांच्या तेव्हाच्या पत्नी मार्गारेट काढत होत्या. १९८६ मध्ये होनोलुलूच्या न्यायालयात न्यायाधीशांनी दोघांनाही तिथेच चित्र काढायला सांगितले. वॉल्टर यांनी खांदा दुखत असल्याचे सांगून नकार दिला. मार्गारेट यांनी ५३ मिनिटांत चित्र पूर्ण केले आणि ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. तुम्हाला अख्खे मुखपृष्ठ पुन्हा काढायचे नाही. अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल मागा, स्क्रीन दाखवा, त्याच पात्राचे डोके प्रकाशक सांगेल त्या कोनातून काढा आणि काढता काढता बोला: कोणता ब्रश का, सावली आधी का, कपाळावरचा थंड रंग कुठून आला. हे करताना हात थरथरला तरी चालतो. पाहणाऱ्याला सफाईपेक्षा निर्णय दिसायला हवेत, आणि ते पाच मिनिटांतच दिसू लागतात.

प्रकाशकाला पत्र लिहाल तेव्हा ते संतापाने सुरू करू नका, संताप रास्त असला तरी. आधी त्याची शंका त्याच्याच शब्दांत मांडा, मग कामाचा क्रम तारखांसह चार-पाच वाक्यांत लिहा, रेखाटनांची छायाचित्रे आणि मसुद्यांच्या टपालाचे दाखले जोडा, कॉलसाठी दोन वेळा सुचवा, आणि शेवटी काय वापरले व काय वापरले नाही याचे सहीसह निवेदन द्या. या निवेदनात काहीही लपवू नका. पार्श्वभूमीसाठी त्रिमितीय मॉडेल घेतले असेल, छायाचित्राचे तुकडे वापरले असतील, किंवा एखादा कोपरा यंत्राकडून भरून घेतला असेल, तर ते स्वतःहून सांगा. ‘माणसाने काढलेले’ या शब्दांची सीमा प्रत्येक करारात वेगळी असते, आणि छायाचित्रावर रंगवणे तर आमच्या व्यवसायात संगणकाइतकेच जुने आहे. नंतर सापडलेली छोटी गोष्ट मोठ्या खोट्यासारखी दिसते.

एवढे करूनही काही जण मानत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या एका मोठ्या कलासमूहातून एका चित्रकाराला एआयच्या संशयावरून काढून टाकले गेले. त्याने मूळ फाइल दाखवण्याची तयारी दर्शवली, तर शैली एआयसारखीच दिसते, तेव्हा दुसरी शैली शोध, असे उत्तर मिळाले. अशा माणसापुढे आणखी पुरावे ओतून उपयोग नाही आणि त्याच्यासाठी आपली शैली बदलणे तर मुळीच नको. तुमच्या प्रकाशकाने कॉल नाकारला तर कराराच्या कोणत्या कलमाखाली मानधन अडवले आहे, हे त्याला लेखी विचारा, उत्तरासाठी ठरावीक मुदत द्या, आणि करार जाणणाऱ्या वकिलाला किंवा चित्रकारांच्या संघटनेला ते उत्तर दाखवा. त्या पत्राची आणि उत्तराची प्रत रेखाटनांच्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि यापुढे सपाट करण्याआधी लेयरची फाइलही तिथेच वेगळी जतन करा.